चाळिशी-पन्नाशीतली शहरातली पोकळी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबई, ठाणे, पुणे या पट्ट्यातली मध्यमवयीन माणसं समुपदेशनाला येतात, तेव्हा सुरुवात बहुधा एकाच वाक्याने होते : "तसं सगळं व्यवस्थित आहे हो, पण..." त्या 'पण'च्या पुढे जे येतं, त्यातून हे प्रश्न जमवले आहेत. माझं मत पुढे जागोजागी दिसेलच. या वयातल्या शहरी एकाकीपणाचं मोठं कारण आपल्या आठवड्याच्या वेळापत्रकात सापडतं, म्हणून उपायही तिथूनच सुरू करावा.

सगळं आहे, तरी कशातच मन लागत नाही. यालाच मिडलाइफ क्रायसिस म्हणतात का?

हो, लोक याला तेच नाव देतात. हे नाव रूढ झालं ते एलियट जॅक्स या कॅनडात जन्मलेल्या मनोविश्लेषकाच्या १९६५ च्या निबंधामुळे. त्यांचा मुद्दा असा, की पस्तिशीच्या पुढे माणसाला कधीतरी आतून उमगतं : निम्मं आयुष्य सरलं, उरलेलं मोजकं आहे आणि मरण फक्त दुसऱ्यांना येतं असं नाही. आपल्याकडे हे उमगण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. वडिलांच्या अँजिओप्लास्टीच्या संमतीपत्रावर सही करताना. शाळेच्या ग्रुपवर वर्गातल्याच कुणाच्या निधनाचा मेसेज येतो तेव्हा. मुलगी बारावी होऊन हॉस्टेलला जाते आणि रात्री तिच्या खोलीतला दिवा लागत नाही तेव्हा. दहा वर्षांनी लहान मुलगा आपला बॉस म्हणून समोर बसतो तेव्हा.

हा आजार नाही. मानसोपचाराच्या निदानांच्या यादीत हे नाव सापडणार नाही. पण या नावाखाली कधी कधी खरा नैराश्याचा आजार झाकला जातो, म्हणून त्याबद्दलचा प्रश्न जरूर वाचा.

हे प्रत्येकाला होतंच का? नेमकं कोणत्या वयात?

प्रत्येकाला होत नाही. अमेरिकेत १९९५ मध्ये सुरू झालेल्या मध्यमवयाच्या एका मोठ्या अभ्यासातल्या मुलाखतींवरून समाजशास्त्रज्ञ इलेन वेदिंग्टन यांना दिसलं, की साधारण चौथा हिस्सा लोक "हो, माझं असं झालं" म्हणतात. त्यातही अनेकांच्या बाबतीत मूळ कारण वय नव्हतं. घटस्फोट, नोकरी जाणं, जवळच्या माणसाचा मृत्यू असं काहीतरी घडलेलं होतं.

डेव्हिड ब्लँचफ्लॉवर आणि अँड्र्यू ओस्वाल्ड या अर्थतज्ज्ञांनी २००८ मध्ये बऱ्याच देशांच्या आकडेवारीवरून दाखवलं, की समाधानाची सरासरी चाळिशीच्या मध्यावर तळाला जाते आणि पुढे पुन्हा चढते. तरुणांचीच मनःस्थिती खालावत चालल्यामुळे हा चढउतार पुसट होतोय, असंही ब्लँचफ्लॉवर यांनी अलीकडे मांडलं आहे. तेव्हा "पन्नाशीनंतर आपोआप बरं वाटेल" या भरवशावर बसून राहू नका.

आपल्याकडचा एक आकडा जास्त विचार करायला लावणारा आहे. बंगळुरूच्या निमहान्स या मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात नैराश्याचं प्रमाण ४० ते ४९ या वयोगटात, बायकांमध्ये आणि महानगरांत जास्त आढळलं. शहरातली पंचेचाळिशीची बाई या तिन्ही रकान्यांत येते. आणि घरात तिलाच सगळे विचारतात, आज जेवायला काय आहे.

मुंबईत दिवसभर माणसांच्या धक्क्यात असतो. तरी एकटं का वाटतं?

धक्का देणारी माणसं भरपूर आहेत; विचारपूस करणारी कमी झाली आहेत. ती माणसं आपण कधी ठरवून जमवली नव्हती. शहराच्या रोजच्या रहाटीत ती आपोआप मिळत होती.

लोकलचंच बघा. ठरलेली आठ बाराची, ठरलेला डबा, ठरलेला दरवाजा. विरार, कल्याण, कर्जतच्या गाड्यांत वर्षानुवर्षं टिकलेले ग्रुप आहेत. पुढच्या स्टेशनवर चढणाऱ्यासाठी कुणी जागा धरतं, बसलेला अर्ध्या रस्त्यात उठून उभ्याला बसायला देतो. भजनी मंडळ टाळ घेऊन चढतं. दसऱ्याला डब्याला झेंडूची तोरणं लागतात. लेडीज डब्यात मटार सोलता सोलता एखादीचं डोहाळजेवणही होतं. यातलं कुणी तीन दिवस दिसलं नाही, तर चौथ्या दिवशी फोन जातो. आपण दिसलो नाही हे कुणाच्या तरी लक्षात आलं, एवढ्याचं मोल फार असतं.

मग माणसाची बढती होते, तो गाडीने जायला लागतो. काचा बंद, एसी चालू, दोन तास एकटा. मार्च २०२० मध्ये लोकल सर्वसामान्यांसाठी बंद झाली आणि बरेच जण घरून काम करायला लागले. कित्येकांचे ग्रुप पुन्हा जमलेच नाहीत. ऑफिसात आठवड्यातून दोनदा जायचं, तेही शेजारच्या टेबलावरचा वेगळ्या वारी येतो. डबा आता स्क्रीनसमोर खाल्ला जातो. हे सगळं सोयीचं होतं आणि आपण आनंदाने स्वीकारलं. सोयीबरोबर काय निघून गेलं, त्याची नोंद मात्र कुणीच ठेवली नाही.

घरांचंही तसंच. वरळीच्या बीडीडी चाळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीतून ५०० चौरस फुटांच्या घरात. स्वतःचं संडास-न्हाणीघर मिळणं ही माणसाच्या प्रतिष्ठेची गोष्ट आहे. चाळीचे गोडवे गाणाऱ्यांनी पहाटे बादली घेऊन रांगेत उभ्या राहिलेल्या बाईला आधी विचारावं. पण सामाईक गॅलरी गेली, की जाता-येता होणाऱ्या गप्पा आपोआप होत नाहीत. त्यांची सोय मुद्दाम करावी लागते. वाकड, बाणेर, हिंजवडीकडच्या सोसायट्यांत तर बेसमेंटमधून लिफ्टने थेट आपल्या मजल्यावर जाता येतं. शेजारच्यांचं आडनाव त्यांच्या पार्सलवर वाचून कळतं.

घरात नवरा आहे, मुलं आहेत, सासूबाई आहेत. तरी एकटं वाटतं म्हणणं म्हणजे कृतघ्नपणा नाही का?

अजिबात नाही. रॉबर्ट वाइस या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये एकाकीपणाचे दोन प्रकार मांडले. एकात जिवाभावाचं माणूस नसतं. दुसऱ्यात गोतावळा नसतो : ज्यांच्यात आपली जागा आहे, जिथे आपण गेलो नाही तर विचारणा होते, अशी माणसं. एकाची उणीव दुसऱ्याने भरून निघत नाही. प्रेमळ नवरा असूनही मैत्रिणी नसतील तर रितं वाटतं, आणि पन्नास जणांच्या भिशीत हसून-खेळून आलेली बाई घरी येऊन गप्प बसते, कारण मनातलं बोलायला तिथे कुणी नव्हतं.

म्हणून आधी बघा, तुमच्याकडे यातलं काय कमी आहे. संसाराला वीस वर्षं झाली की घरातलं बोलणं बऱ्याचदा कामापुरतं उरतं. दूधवाल्याचे पैसे दिले का, क्लासची फी कधी भरायची, आईला डॉक्टरकडे कोण नेणार. प्रेम आटलेलं नसतं; त्याला वेळच मिळालेला नसतो. अशा जोडप्यांना मी आठवड्यातून एकदा घराबाहेर फिरायला सांगते, एकाच अटीवर : त्या तासाभरात मुलं, पैसे आणि दोन्हीकडचे आईवडील हे विषय काढायचे नाहीत. पहिले दोन आठवडे बोलायला काही सुचत नाही. ते अवघडलेपण सोसावं.

पुरुषांमध्ये हे कसं ओळखायचं?

पुरुष 'मला एकटं वाटतं' असं सहसा म्हणत नाहीत. ते चिडतात. टीव्हीचा आवाज, ताटातलं मीठ, मुलाचे केस, कशावरूनही. काही जण कामात बुडतात, काहींची शनिवारची दारू बुधवारवर येते. पाठदुखी, ॲसिडिटी, छातीत धडधड अशा तक्रारी घेऊन तपासण्या होत राहतात आणि सगळे रिपोर्ट नॉर्मल येतात.

हे हसण्यावारी नेऊ नका. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली. त्यांतल्या १,२२,७२४ पुरुषांच्या होत्या. सर्वाधिक नोंद महाराष्ट्रात झाली : २२,७४६. या प्रत्येकामागे वेगळी कहाणी आहे आणि सगळ्याचं खापर एकाकीपणावर फोडणं बरोबर नाही. पण 'पुरुषासारखा पुरुष' म्हणून ज्याला रडूही दिलं नाही, त्याला मदत मागायला फार उशीर होतो, एवढं मी खात्रीने सांगते.

दारूबद्दल स्पष्टच. ती झोप आणते असं वाटतं, पण झोपेची प्रत बिघडवते आणि दुसऱ्या दिवशी मन आणखी खाली जातं. हाताबाहेर जात असेल तर पुण्याचं मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून हेच काम करतं आहे. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या मराठीतून चालणाऱ्या सभाही मुंबई-पुण्यात आहेत.

बायकांच्या बाबतीत काही वेगळं असतं का?

असतं, आणि शरीरापासून सुरुवात करावी लागते. भारतात पाळी कायमची थांबण्याचं सरासरी वय ४६ च्या आसपास आहे. त्याआधीची काही वर्षं पाळी अनियमित होते, मध्यरात्री घाम येऊन जाग येते, विनाकारण रडू येतं, नावं आठवत नाहीत. हीच वर्षं मुलांच्या दहावी-बारावीची आणि सासू-सासऱ्यांच्या आजारपणाची. मग सगळं 'टेन्शन'च्या खात्यात जमा होतं आणि बाई तपासणीला जातच नाही.

आधी स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटा. थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२, ड जीवनसत्त्व आणि साखर तपासून घ्या. बी-१२ ची कमतरता शाकाहारी घरांत फार दिसते, आणि थकवा, उदासी, विसरभोळेपणा यांनी ती आपली चाहूल देते. थायरॉइड मंदावला तरी हीच लक्षणं. अर्थात रिपोर्टमध्ये काही निघालं म्हणजे मनाचा प्रश्न खोटा होता असं नाही. दोन्ही एकाच वेळी असू शकतात.

दुसरी गोष्ट फारशी कुणी विचारत नाही. मुलं मोठी झाल्यावर ज्या बाईची नोकरी वीस वर्षांपूर्वी सुटली, तिच्या हाताशी दिवसाचे सहा तास मोकळे येतात आणि त्या सहा तासांचं काय करायचं हे तिला कुणी शिकवलेलं नसतं. "आता काय, आराम कर" म्हणणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. तिला आरामाची नाही, काम आणि स्वतःचे पैसे यांची गरज असते.

४८ व्या वर्षी नोकरी गेली. घरी सांगितलेलं नाही.

आजच सांगा. रोज सकाळी बॅग घेऊन बाहेर पडून मॉलमध्ये बसणारी माणसं मला भेटली आहेत. हा अभिनय नोकरी जाण्यापेक्षा जास्त पोखरतो. बायकोला आकडे दाखवा : हातात किती आहे, हप्ता किती, किती महिने निघतील. पाच वर्षं पूर्ण झाली असतील तर ग्रॅच्युइटी मिळते, तिचा अर्ज करा. कंपनीचा आरोग्यविमा नोकरीबरोबर संपतो, म्हणून वैयक्तिक पॉलिसीचं लगेच बघा. मुलांनाही त्यांच्या वयाला झेपेल तेवढं सांगा. त्यांना घरातलं काहीतरी बिघडलंय हे कळलेलंच असतं. न सांगितल्यास त्यांना वाटतं आपल्यामुळे झालं.

शहर सोडून कोकणात, गावी जाऊन राहावंसं वाटतं. जाऊ का?

हा प्रश्न इतक्यांदा येतो की सविस्तर लिहिते. गावी जाऊन सुखी झालेली माणसं आहेत. दोन वर्षांत परत आलेलीही आहेत, आणि त्यांच्या परतण्यात पैशाइतकाच एकाकीपणाचा वाटा होता. कारण तुमच्या आठवणीतलं गाव मे महिन्यातलं असतं. आंबे, फणस, आलेले-गेलेले पाहुणे. जुलैमध्ये तिथे दिवसचे दिवस पाऊस, वीज जाते, वाडीत म्हातारी माणसं, आणि तुमच्या वयाचे सगळे मुंबईला.

म्हणून आधी एक पावसाळा राहून बघा. भाड्याने, सलग दोन महिने. लॅपटॉपवर काम करायचं असेल तर नेटवर्क तपासा. छातीत दुखायला लागलं तर हृदयरोगतज्ज्ञ किती अंतरावर आहे ते पाहा. महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायची तर सर्वसाधारणपणे स्वतः शेतकरी असावं लागतं. सातबारावर नाव नसेल तर बिगरशेती जागेशिवाय पर्याय कमी. नोकरीचा राजीनामा देण्याआधी स्वतःचा आरोग्यविमा काढा, कारण आधीपासूनच्या आजारांसाठी कमाल तीन वर्षांपर्यंतचा प्रतीक्षाकाळ असू शकतो.

आणि जोडीदाराला खरंच विचारा. नवऱ्याच्या स्वप्नातल्या गावच्या घरात चुलीपाशी कोण उभं आहे, हे त्याने पाहिलेलं असतंच असं नाही.

ऑफिसमधली एक व्यक्ती फार आवडायला लागली आहे. घरी काही भांडण नाही. मी वाईट माणूस आहे का?

नाही. कुणी आपलं बोलणं मन लावून ऐकतं, आपल्या शर्टाचा रंग लक्षात ठेवतं, हे बऱ्याच वर्षांनी घडलं की माणूस विरघळतो. या वयातल्या अशा ओढीत समोरच्या माणसाइतकंच आपलं जुनं, कुणाला तरी हवंहवंसं वाटणारं रूप परत मिळण्याचा आनंद असतो. त्या आनंदाची भूक खरी आहे. पण त्या भरात घर सोडणं, पैसे गुंतवणं, वचनं देणं असं काही करू नका. आधी ही गोष्ट एका तटस्थ माणसासमोर, शक्यतो समुपदेशकासमोर बोला. लपवलेल्या गोष्टीला जी धार असते, ती बोलल्यावर बरीच बोथट होते, आणि मग आपल्याला नक्की काय हवंय ते दिसायला लागतं.

मी एकटीच राहते. सणावाराला सगळ्यांना वाटतं मी बिचारी आहे.

एकट्याने राहणारी कितीतरी माणसं छान जगतात, आणि तुम्हीही त्यांतल्या असाल तर इतरांच्या कीवेला उत्तर द्यायला तुम्ही बांधील नाही. फक्त काही व्यवस्था लावून ठेवा. घराची एक किल्ली विश्वासाच्या शेजाऱ्याकडे. आजारपणात रात्री फोन करता येईल अशी दोन नावं, त्यांना आधी विचारून ठरवलेली. दिवाळीचे चार दिवस कसे घालवायचे याचं नियोजन दसऱ्यालाच. आणि घर भाड्याने देताना 'फॅमिलीच हवी' म्हणणाऱ्या सोसायट्यांचं वागणं अन्यायाचं आहे. त्याने तुमची किंमत ठरत नाही.

शाळेचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, रोज दोनशे मेसेज येतात. ते पुरत नाही?

पुरत नाही. 'सुप्रभात' हे कुणा एकाला उद्देशून नसतं, त्यामुळे ते कुणालाच पोचत नाही. ग्रुपचा उपयोग एवढाच करा : त्यातली दोन-तीन नावं निवडा आणि त्यांना वेगळा फोन लावा. वर्षातून एकदा रिसॉर्टवर होणाऱ्या गेट-टुगेदरबद्दलही तेच. तिथे पगार, परदेश, मुलांचे मार्क यांचं प्रदर्शन होतं आणि बरेच जण घरी येऊन जास्तच खट्टू होतात. तुमचंही तसं होत असेल तर पुढच्या वेळी जाऊ नका.

चाळिशीनंतर नवे मित्र होतात का? कसे?

होतात. वेळ लागतो, आणि किती लागतो याचा अंदाजही आहे. कॅन्सस विद्यापीठातले जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये मांडलं, की ओळखीचं साध्या मैत्रीत रूपांतर व्हायला साधारण ५० तास एकत्र घालवावे लागतात, चांगल्या मैत्रीला ९०, आणि घट्ट मैत्रीला २०० हून जास्त. आता हिशेब करा. सव्वा तासाचा लोकलचा प्रवास रोज एकत्र केला, तर कामाच्या ४० दिवसांत ५० तास होतात. म्हणून गाडीतल्या मैत्र्या जमत होत्या. आठवड्यातून दोन तास भेटणाऱ्यांना तेवढ्यालाच सहा महिने लागतील. "एकदा गेलो, कुणी जमलं नाही" असं म्हणून सोडणारा माणूस दोन तासांवर सोडतो.

यातून निवडीचा एक नियम निघतो : दर आठवड्याला, त्याच वारी, त्याच ठिकाणी, त्याच माणसांबरोबर होणारी गोष्ट पकडा. आणि जिथे हाताला काहीतरी काम असेल अशी; कारण समोरासमोर बसून मैत्री करणं, विशेषतः पुरुषांना, अवघड जातं. पुण्यात ढोल-ताशा पथकांचा सराव गणपतीच्या आधी सुरू होतो आणि त्यात चाळिशीतले चेहरे भरपूर दिसतात. सह्याद्रीत ट्रेक नेणारे गट आहेत, पण दर वेळी नवी माणसं असणाऱ्या व्यावसायिक ट्रेकपेक्षा ठरलेल्या दहा जणांचा गट बरा. मुंबईत १९९५ मध्ये डॉ. मदन कटारिया यांनी सुरू केलेली हास्यक्लबची कल्पना आज बागाबागांत रुजली आहे. त्यात हसण्याहून जास्त महत्त्वाचा मला नंतरचा चहा वाटतो. ठाण्यात अत्रे कट्टा आहे, १८९३ पासूनचं मराठी ग्रंथ संग्रहालय आहे. गाण्याचा क्लास, भजनी मंडळ, सोसायटीचं कॅरम, काहीही चालेल.

शिकवण्याचं काम मिळालं तर सोन्याहून पिवळं. मध्यमवयात माणसाला पुढच्या पिढीच्या हाती काहीतरी द्यावंसं वाटतं आणि ते जमलं नाही तर तो साचतो, असं मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सन यांनी मांडलं होतं. रात्रशाळेतल्या मुलांना आठवड्यातून एकदा गणित शिकवणाऱ्या एका बँक अधिकाऱ्याने मला सांगितलं, "गुरुवारी ती मुलं माझी वाट बघतात." त्यांचा गुरुवार सोडून बाकी आठवडा तसाच होता, तरी ते सावरले.

नवऱ्याचं असं झालंय, पण तो बोलतच नाही. मी काय करू?

"तुला काय झालंय?" असं विचारू नका, त्याला ते आरोपासारखं वाटतं. जे दिसतं ते सांगा : "गेले काही दिवस तू रात्री तीनला जागा असतोस. मला काळजी वाटते." मग थांबा. उत्तर लगेच येणार नाही. गाडी चालवताना, भांडी पुसताना, म्हणजे एकमेकांच्या डोळ्यांत न बघता बोलणं सोपं जातं. त्याचा एखादा जुना मित्र असेल तर त्याला हक्काने सांगा, की घरी ये. आणि सगळं तुम्ही एकटीने उचलू नका. तुम्हालाही बोलायला कुणीतरी हवं.

ही नुसती उदासी आहे की डिप्रेशन?

दोन आठवड्यांहून जास्त काळ, जवळजवळ रोज, दिवसाचा बराच वेळ मन उदास असेल किंवा आवडीच्या गोष्टींतही रस वाटत नसेल, आणि सोबत झोप किंवा भूक बिघडली असेल, कायम थकवा, एकाग्रता होत नाही, आपण कवडीमोल आहोत असं वाटतं, यांतलं बरंच काही असेल तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. या पानावरचे कट्टे आणि ट्रेक त्या वेळी पुरे पडणार नाहीत.

मरणाचे विचार येत असतील तर दोन आठवडे थांबायचं नाही. टेलि-मानस ही केंद्र सरकारची सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, नंबर १४४१६. मोफत, चोवीस तास, मराठीतून बोलता येतं. जीव धोक्यात असेल तर ११२ किंवा थेट जवळच्या रुग्णालयाचा अपघात विभाग. आणि कुणाला असे विचार येत असल्याचा संशय आला तर सरळ विचारा : "जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्याने तो विचार डोक्यात घातला जात नाही. उलट बोलायची वाट मोकळी होते.

खर्च किती? ऑफिसला कळेल का? गोळ्या कायमच्या लागतात का?

खासगी फी शहरानुसार आणि डॉक्टरनुसार खूप बदलते. परवडत नसेल तर मुंबईत केईएम, नायर, सायन, कूपर आणि पुण्यात ससून या सार्वजनिक रुग्णालयांत मानसोपचार बाह्यरुग्ण विभाग आहेत. केस पेपरच्या अगदी थोड्या पैशांत तज्ज्ञ भेटतात. वाट बघावी लागते, पण डॉक्टर अनुभवी असतात. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये स्थापलेली आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था आहे.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार तुमची माहिती गोपनीय ठेवणं बंधनकारक आहे. डॉक्टर ऑफिसला परस्पर कळवू शकत नाहीत. याच कायद्यामुळे विमा कंपन्यांना मानसिक आजार शारीरिक आजारांच्या बरोबरीने धरावे लागतात, मात्र साध्या तपासणीची फी बहुतेक पॉलिसींत मिळत नाही. बाह्यरुग्ण संरक्षण घेतलं आहे का ते बघा.

नैराश्यावरच्या नेहमीच्या गोळ्या झोपेच्या गोळ्या नव्हेत आणि त्यांचं व्यसन लागत नाही. परिणाम दिसायला काही आठवडे जातात. बरं वाटलं म्हणून स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नका. डॉक्टर हळूहळू कमी करतात. बऱ्याच जणांना त्या कायमच्या लागत नाहीत.

वारी, विपश्यना, अध्यात्म याने उपयोग होतो का?

वारीचा होतो, आणि श्रद्धेइतकाच दिंडीचा होतो. रोज त्याच माणसांबरोबर चालायचं, एकत्र जेवायचं, पाय दुखले तर कुणीतरी तेल चोळतं. विपश्यनेचं दहा दिवसांचं मौन मात्र तीव्र नैराश्यात असलेल्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. शिबिराच्या अर्जात मानसिक आजाराबद्दल विचारलेलं असतं, तिथे खरं लिहा.

मी ठीक आहे, पण आमच्या सोसायटीत काहीतरी सुरू करावं असं वाटतं. कसं करू?

कमिटीच्या मीटिंगमध्ये ठराव मांडू नका, अडकेल. एक वार आणि वेळ ठरवा, समजा रविवारी सकाळी साडेआठ, क्लबहाऊस किंवा गच्चीवर. चहाचा थर्मास आणि बिस्किटं न्या. भाषण नको, वाढदिवसाचे सत्कार नकोत, राजकारण आणि पार्किंग हे विषय नकोत. ग्रुपवर मेसेज टाकून कुणी येत नाही. दार वाजवून सांगा. भाडेकरूंनाही बोलवा, त्यांना सहसा कुणी विचारत नाही. एकट्या राहणाऱ्या माणसाला "या" म्हणण्याऐवजी एखादं काम द्या : खुर्च्या मांडा, साखर आणा. पहिल्या रविवारी चार जण येतील. दुसऱ्या रविवारी कदाचित दोन. तुम्ही मात्र साडेआठला तिथे असा, पाऊस असला तरी. आणि जो नेहमी येतो तो एखाद्या रविवारी दिसला नाही, तर दुपारी त्याला फोन करा.